पूर्वेचं टेबल

कोथरूडच्या स्वानंद सोसायटीत शिरलं, की वॉचमनच्या खोलीच्या भिंतीवर, पत्र्याच्या लहानशा छपराखाली एक काळा फळा दिसतो. त्याची वरची पट्टी पाणी आणि पार्किंग या दोन कायमच्या भांडणांसाठी राखून ठेवलेली. बाकीचा सगळा फळा सरोजिनीबाई खांबेट्यांचा. सकाळचा चहा झाला की त्या गच्चीवर जात, चारी दिशांना मान फिरवून येत आणि मग खाली उतरून आपल्या वळणदार अक्षरात त्या दिवसाचं आभाळ लिहून ठेवत.

'आज दुपारनंतर सरी. छत्री न्यावी. न नेल्यास फळ्याशी वाद घालू नये.'

'डोक्यावरचे ढग नगरला चालले आहेत. त्यांच्याकडून अपेक्षा ठेवू नये.'

'पहाटे धुके पडेल. गाडी हळू चालवावी. एरवीही चालवावी.'

येता-जाता लोक थांबून वाचत. नवी बिऱ्हाडं फळ्याचे फोटो काढून नातेवाइकांना पाठवत. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज कुणीतरी फळा टाकी आणि त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागे. सरोजिनीबाई चष्मा पुसून ती रांग बघत. लोकांना आवडतंय, एवढंच त्यांच्या मनात येई.

ही विद्या त्यांना कुणी शिकवली नव्हती. त्या टेलिफोन ऑपरेटर होत्या. पुण्याहून लोणावळ्याला बोलायचं तर ट्रंक कॉल लावून वाट बघावी लागे, तेव्हाची ही गोष्ट. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात दोऱ्या. त्यांच्या टेबलावर पश्चिमेच्या लाइन होत्या. लोणावळा, पौड, भोर, महाबळेश्वर. कॉल जुळेपर्यंत पलीकडच्या मुलीशी दोन शब्द व्हायचे, आणि घाटात बसलेल्या मुलीकडे पावसाखेरीज बोलायला होतं काय? 'पुणे, आमच्याकडे समोरचं झाड दिसेना झालंय.' 'पुणे, आज वारा फिरलाय बरं का.' ऐकता ऐकता सरोजिनीबाईंना हिशोब उमगत गेला. घाटात धोधो कोसळून ढग हलके होतात आणि पुण्याच्या वाट्याला त्यांचं उरलंसुरलं येतं. सकाळी लोणावळ्याला काय चाललंय ते कळलं, की दुपारी लक्ष्मी रोडवर छत्र्या उघडतील की नाही ते सांगता येतं. पाऊस हा पश्चिमेकडून येणारा पाहुणा. येण्याआधी निरोप पाठवतो.

मग अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या ढिगात ढगांचं एक चित्रमय पुस्तक मिळालं, त्यातून नावं कळली. पिसांसारखे उंचावरचे ढग, चादरीसारखे पसरलेले, फुलकोबीसारखे फुगलेले. नोकरी संपली, दोऱ्यांचे बोर्ड भंगारात गेले, घाटातल्या मुली आज्या झाल्या. सरोजिनीबाईंचं वर बघणं मात्र सुटलं नाही.

पूर्वेच्या लाइन त्यांच्याकडे कधीच नव्हत्या. यवत, दौंड, बारामती, सोलापूर ही सगळी गावं पलीकडच्या टेबलावर, चंद्रभागा शितोळेच्या हाताखाली. "आमच्याकडनं काय येतंय गं तुझ्या पुण्याला? धूळ!" असं चंद्रभागाच म्हणायची. तेव्हा पूर्वेला विचारायची सरोजिनीबाईंना सवयच लागली नाही.

आणि नवरात्राच्या आसपास नेमकं तिकडूनच येतं. मोठा पाऊस परतीला लागतो, वारा दिशा बदलतो, दुपारभर जमीन तापते आणि सोलापूर रस्त्याच्या बाजूने एखादा ढग उठतो तो घटकेत आभाळाला भिडतो. मागच्या वर्षी कोजागरीला सरोजिनीबाईंनी मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'आकाश निरभ्र. चंद्र दिसेल.' चंद्र दिसला नाही. मसाल्याच्या दुधाच्या पातेल्यात सरळ वरून पाऊस पडला. दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'काल दूध पातळ झाले. दिलगीर आहोत.' सगळी सोसायटी हसली. त्याही हसल्या. पुढच्या महिन्यात पाऊस नाही म्हणाल्या आणि अवकाळी आला. लोकांच्या लक्षात ते दोन दिवस राहिले. जूनपासून सप्टेंबरपर्यंत बरोबर आलेले सगळे दिवस कुणाच्या लक्षात राहण्याचं कारणच नव्हतं; कोरडी चादर आठवणीत राहत नाही.

त्यांचे यजमान श्रीनिवासराव पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे. कमी बोलणारे आणि बोलले तर तिरकस बोलणारे गृहस्थ. "तुझं खातं वरचं, माझं खालचं," असं ते म्हणत. "पडेपर्यंत तू बघ, पडल्यावर मी." रोज दुपारी ते वाचनालयात जात. जाताना फाटकाशी थांबत, हात मागे बांधून फळा पूर्ण वाचत आणि मान डोलावून पुढे जात. इतक्या वर्षांच्या संसारात सरोजिनीबाईंना मिळालेली ही रोजची दाद होती.

*

त्या दिवशी सोसायटीचा भोंडला होता.

तीन इमारतींच्या मधल्या मैदानात जुना, डेरेदार गुलमोहर आहे. त्याच्याखाली लोखंडी पाइपांचा मांडव बांधायचा, फांद्यांवर दिव्यांच्या माळा सोडायच्या, मधोमध हत्तीचा पाट ठेवायचा आणि भोवती मुलींनी फेर धरायचा, असं ठरलं होतं. कमिटीत अस्मिता होती. आयटीतली, तिशीतली, सगळं फोनवरून हलवणारी. तिनं फोटोग्राफर बोलावला होता आणि झाडाखालच्या दिव्यांत फोटो कसे येतील हे आधीच सगळ्यांना दाखवून ठेवलं होतं. सोसायटीला तळमजल्यावर हॉल आहे, पण त्यात टेबल टेनिसचं टेबल, ट्यूबलाइट आणि फिनाइलचा वास. "तिथे भोंडला म्हणजे शोकसभा वाटते," असं अस्मितानं मीटिंगमध्येच सांगून टाकलं होतं.

कोजागरीच्या दुधाचा डाग सरोजिनीबाईंना पुसायचा होता. म्हणून सकाळी त्यांनी फळ्यावर फक्त एवढंच लिहिलं, 'सध्या निरभ्र. उरलेले दुपारी.' जेवणं झाल्यावर त्या गच्चीवर गेल्या. पश्चिमेला टेकडीवर स्वच्छ निळं आभाळ. वारा पडलेला. अंगाला चिकटणारा उकाडा. पूर्वेची बाजू समोरच्या नव्या टॉवरनं झाकलेली, म्हणून त्या पाण्याच्या टाकीच्या कडेनं, कठड्याला धरून, अगदी कोपऱ्यापर्यंत गेल्या.

आणि तिथेच थबकल्या.

हडपसरच्याही पलीकडे, दूर, एक ढग उभा होता. दुसरा शब्द नव्हता, उभा होता. खाली काळसर, सपाट तळ. त्यावर पांढरेशुभ्र फुगवटे एकमेकांच्या खांद्यावर चढत चाललेले. दूध उतू येताना भांड्याच्या काठावर येतं तसा तो वर येत होता, फक्त त्याला काठच नव्हता. आणि सगळ्यात वर, जिथे त्याला आणखी चढता येईना, तिथे तो दोन्ही बाजूंना सपाट पसरला होता, लोहाराच्या ऐरणीसारखा. पुस्तकातलं शेवटचं चित्र. चित्राखालची ओळ त्यांना पाठ होती: असा माथा दिसला की उघड्यावर थांबू नये.

त्या घाईघाईनं खाली आल्या आणि त्यांनी चंद्रभागेला फोन लावला. चंद्रभागा आता यवतला मुलाकडे राहत होती. दिवाळीला एकमेकींना शुभेच्छा, एवढाच संबंध उरलेला.

"हॅलो यवत, पुणे बोलतेय," सरोजिनीबाईंच्या तोंडून आपोआप निघालं.

पलीकडे नुसता खडखडाट. मग चंद्रभागेचा ओरडता आवाज. "सरू? अगं, पत्रं उडालं की आमचं! गोठ्यावरचं सगळं गेलं. गारा पडत्यात, लिंबाएवढ्या! समोरचं कडुलिंबाचं झाड उपटून रस्त्यात आडवं पडलंय."

"वारा कुठून आहे? चंद्रभागे, वारा कुठून?"

"सोलापूरकडनं. तुमच्याकडंच चाललंय सगळं. कपडे काढ बाई आत, आणि पोराबाळांना..." तेवढ्यात लाइन तुटली.

आयुष्यात पहिल्यांदा पूर्वेच्या टेबलावरून निरोप आला होता, आणि तो इतका स्पष्ट होता. त्या तशाच खाली गेल्या. ओल्या फडक्यानं फळा पुसला आणि लिहिलं:

'सावधान. संध्याकाळी वादळी पाऊस, विजा, गारा. भोंडला हॉलमध्ये घ्यावा. झाडाखाली कोणीही थांबू नये.'

खाली एरवीसारखी गमतीची ओळ नव्हती. त्या लिहीत असतानाच मागे चपलांचा ओळखीचा आवाज थांबला. श्रीनिवासराव वाचत होते. "येतो गं," म्हणून ते रस्त्याला लागले. सरोजिनीबाईंनी वळून पाहिलं नाही. 'झाडाखाली' शब्दाखाली त्या रेघ ओढत होत्या.

*

फाटकाला लागून नूरबानूचं दुकान आहे, लेडीज टेलरचं. नूरबानू मूळची कॅम्पातली, पण इथे शिलाई मशीन मांडल्याला इतकी वर्षं झाली, की सोसायटीतल्या निम्म्या मुलींची मापं तिला तोंडपाठ. आज तिच्याकडे भोंडल्यासाठी शिवलेल्या नऊवाऱ्यांचा ढीग पडला होता. सरोजिनीबाई हात झटकत तिच्या दुकानात टेकल्या.

"ताई, पाणी देऊ?"

त्या हो म्हणणार, तोच बाहेर फळ्यापाशी अस्मिताचा आवाज आला. मांडववाल्याला सांगत होती.

"दादा, बांधा तुम्ही बिनधास्त. काकूंनी पाऊस लिहिलाय!"

आणखी कुणीतरी खळखळून हसलं. "वादळी लिहिलंय ना? मग चांदणं पडतंय बघ आज."

"गारापण आहेत अगं. म्हणजे ऊन!"

हसणं दूर गेलं. सरोजिनीबाईंना आधी कळलंच नाही. वाक्य कानात शिरलं होतं, पण त्याचा अर्थ लागेना. चुकीच्या भोकात दोरी घातल्यावर पलीकडे भलताच माणूस बोलू लागतो, तसं झालं. त्यांनी नूरबानूकडे पाहिलं. नूरबानूचं मशीन थांबलं होतं. ती सुईत ओवलेला दोरा पुन्हा ओवत होती.

"काय म्हणाली ती?"

"पोरी काहीही बडबडतात हो, ताई."

"नूरबानू."

नूरबानूनं दोरा सोडला. "थट्टेत सुरू झालं. ते कोजागरीचं दूध झालं ना, त्यानंतर. म्हणायला लागल्या, काकूंचा फळा उलटा वाचायचा. पाऊस नाही लिहिलं की वाळत घातलेलं आत आणायचं. येणार लिहिलं की बाहेर घालायचं."

"कोण म्हणतं?"

नूरबानू हळूच म्हणाली, "सगळ्याच."

ग्रुपवरचे हसरे चेहरे सरोजिनीबाईंच्या डोळ्यांपुढून एकामागोमाग गेले. रोजची रांग.

"तूसुद्धा?"

"मी कशाला..." नूरबानूनं खाली पाहिलं. तिला खोटं बोलता येत नसे. "एकदा. गिऱ्हाइकाचा शालू वाळत होता. जोखीम नको वाटली."

"आणि हे?"

"काकांचं मला काय माहीत?"

ती हे जरा जास्तच लवकर म्हणाली.

सरोजिनीबाई उठल्या. जिने चढताना त्यांना आपला श्वास परका वाटत होता. दार उघडलं. दारामागच्या खुंटीवर श्रीनिवासरावांची लांब दांड्याची काळी छत्री टांगलेली होती, गुंडाळलेली, बटण लावलेली.

त्यांनी फळा वाचला होता. पूर्ण वाचला होता. 'वादळी पाऊस, विजा, गारा.' आणि छत्री न्यायला परत न फिरता ते तसेच गेले होते.

सरोजिनीबाई खुंटीसमोर उभ्याच राहिल्या. मग एकेक दिवस आपोआप उलगडत गेला. लख्ख उन्हात, फळ्यावर 'पाऊस नाही' असताना, छत्री घेऊन निघालेले श्रीनिवासराव. "उन्हाला बरी," म्हणायचे. मान डोलावणं, हात मागे बांधून वाचणं. रोजची दाद. कुणी कानशिलात मारावी तसा चेहरा गरम झाला. रडू आलं नाही. आश्चर्यच इतकं मोठं होतं, की रडायला जागा उरली नव्हती.

टेबलावर श्रीनिवासरावांचा मोबाइल चार्जिंगला लावलेला होता. म्हणजे फोनही करता येणार नव्हता.

खिडकीतून मैदान दिसत होतं. पाइप उभे राहिले होते. अस्मिताची मुलगी सुरुची नऊवारी नेसून, काष्टा सावरत, गुलमोहराच्या बुंध्याशी हत्तीच्या पाटावर गंध लावत बसली होती. तिच्या डोक्यावर ती मोठी, आडवी फांदी. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ. दर वर्षी कुठल्या ना कुठल्या गाडीवर तो काहीतरी टाकतोच.

सरोजिनीबाई पुन्हा खाली धावल्या.

"अस्मिता, ऐक. मी आत्ता यवतला बोलले. तिथे झाडं पडलीत. सगळं इकडेच सरकतंय."

"यवतला कोण, काकू?"

"चंद्रभागा. पूर्वेच्या टेबलावर होती."

अस्मितानं एकदा त्यांच्याकडे आणि एकदा मांडववाल्याकडे पाहिलं. फोन पुढे केला. "हे बघा, ॲप वीस टक्के दाखवतंय. आणि यलो अलर्ट म्हणाल तर तो आठवडाभर आहेच, अख्ख्या जिल्ह्याला. वर बघा ना!"

वर खरंच निळं आभाळ होतं. टॉवरच्या अलीकडे दिसतं तेवढं सगळं निळं.

"मुलींना आत घे, एवढंच कर. माझ्यासाठी."

"हो हो काकू, बघतो आम्ही," अस्मिता मऊ आवाजात म्हणाली. आजारी माणसाशी बोलतात त्या आवाजात. "तुम्ही बसा ना. खुर्ची देऊ?"

तो आवाज हसण्याहून वाईट होता. भांडण झालं असतं तर सरोजिनीबाई भांडल्या असत्या. समजूत काढणाऱ्याशी काय करायचं? त्या फाटकाकडे वळल्या आणि फळ्यासमोर येऊन थांबल्या. स्वतःचंच अक्षर त्यांनी परक्या माणसासारखं वाचलं. मग तेच उलटं वाचणाऱ्यासारखं वाचून पाहिलं.

आणि काय करायचं ते त्यांना कळलं.

काही वेळ त्यांचा हात उठेना. इतकी वर्षं त्या चुकल्या असतील, पण खोटं एकदाही लिहिलं नव्हतं. शिवाय एक विचित्र गोष्ट ध्यानात आली: हे लिहिल्यावर पाऊस आलाच नाही, तर त्यांचा अंदाज बरोबर ठरणार होता. आला, तर सगळ्यांसमोर पुन्हा एकदा, आणि या वेळी सगळ्यात मोठी, चूक. क्षणभर वाटलं, ढग वाटेतच विरून जावा. मग लिंबाएवढ्या गारा आठवल्या.

त्यांनी फळा पुसला. कोरडा होऊ दिला. आणि आपल्या सगळ्यात सुंदर अक्षरात लिहिलं:

'सुधारित अंदाज. आज पाऊस अजिबात नाही. आकाश रात्रभर निरभ्र. भोंडला निर्धास्तपणे झाडाखाली करावा. खात्री आहे. – स. खांबेटे'

दुकानाच्या दारात नूरबानू उभी होती. तिनं फळा वाचला, सरोजिनीबाईंचा चेहरा वाचला, आणि गळ्यातली टेप काढून मशीनवर टाकली. नूरबानू नऊवाऱ्यांचं गाठोडं काखेत मारून लगबगीनं मैदानाकडे निघाली आणि लांबूनच तिचा आवाज ऐकू आला. "अहो, पाहिलंत का? काकूंनी फळा बदलला! खात्री आहे म्हणून लिहिलंय!"

"काय सांगतेस?"

"सही केलीय खाली!"

मांडवात एकदम गडबड उडाली. दोघीतिघी फाटकापर्यंत धावत येऊन वाचून गेल्या. "अगं बाई, खात्री आहे म्हणतायत!" "मेलो! हे तर कोजागरीपेक्षा भारी." "माझ्या साडीचं काय होईल?" हसत होत्या, पण हसता हसता एकीनं स्पीकरवर प्लॅस्टिक टाकलं, दुसरीनं माळ काढायला घेतली. अस्मिता कमरेवर हात ठेवून आभाळाकडे, मग फळ्याकडे, मग पुन्हा आभाळाकडे बघत राहिली. शेवटी तिनं उसासा टाकला. "जाऊ दे, रिस्क नको. हत्ती आत घ्या. फोटो झाडापाशी नंतर काढू."

मुलींनी पाट उचलला. सरोजिनीबाई हॉलच्या दाराशी उभ्या राहून एकेकीला आत जाताना बघत होत्या. सुरुची सगळ्यात शेवटी आली.

*

पहिलं गाणं निम्म्यावर आलं तेव्हा उजेड बदलला. हॉलच्या खिडक्यांत पिवळट, आजारी प्रकाश आला आणि लगेच विझला. टॉवरच्या माथ्यावरून काळी कड पुढे सरकली. मग वारा आला. त्याच्या आधी काहीच नव्हतं, आणि मग सगळीकडे तोच होता. दारं आपटली, कुठेतरी काच फुटली, मातीचा लोट खिडकीवर येऊन थडकला. गारा पत्र्यावर अशा वाजल्या, की मुलींचं गाणं तोंडातच राहिलं. वीज गेली. कुणी लहानगी रडू लागली.

सरोजिनीबाई खिडकीच्या गजांना धरून उभ्या होत्या. मनात एकच गोष्ट घोळत होती, छत्रीशिवाय गेलेला एक म्हातारा माणूस.

मग पांढरी लख्ख वीज, आणि तिच्या पाठोपाठ एक आवाज आला. तो गडगडाट नव्हता. काहीतरी मोठं, जिवंत, उभं चिरत जावं तसा. पुढच्या विजेत सगळ्यांनी पाहिलं. गुलमोहराची आडवी फांदी मांडवावर कोसळली होती. लोखंडी पाइप तारेसारखे वाकले होते. जिथे हत्तीचा पाट मांडला होता, तिथे आता पानांचा, फांद्यांचा, वायरींचा ढीग होता, आणि त्यावर गारा पडत होत्या.

हॉलमध्ये कुणाच्या तरी हातातला खिरापतीचा डबा खाली पडला, तोही कुणी उचलला नाही. अस्मितानं सुरुचीला इतकं घट्ट धरलं होतं, की मुलगी "आई, दुखतंय" म्हणाली. तरी तिनं सोडलं नाही. तिच्या ओठांचा रंग गेला होता. अंधारात तिची नजर फिरत फिरत सरोजिनीबाईंवर येऊन थांबली. ती त्यांच्याकडे आली आणि तिनं त्यांचा हात हातात घेतला.

"काकू," ती कशीबशी म्हणाली, "बरं झालं, तुमचं चुकलं."

सरोजिनीबाईंच्या ओठांवर सगळं आलं. यवत, चंद्रभागा, ऐरणीसारखा माथा, पहिला फळा. कोपऱ्यातून नूरबानू पुढे झाली, तोंड उघडून. सरोजिनीबाईंनी मान किंचित हलवली. नूरबानू थांबली.

"हो," सरोजिनीबाई म्हणाल्या. "बरं झालं."

*

पाऊस ओसरल्यावर त्या फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या. रस्त्यावर घोट्याएवढं पाणी वाहत होतं, त्यात पानं, गारा, कुणाची तरी एक चप्पल. काही वेळानं त्या पाण्यातून श्रीनिवासराव चालत आले. डोक्यापासून पायापर्यंत भिजलेले, चष्मा हातात, कपाळावर गारेचा लाल वळ. ते थरथरत होते. इतके लहान ते कधी दिसले नव्हते.

"बसस्टॉपचं छप्पर उडालं," ते म्हणाले. "माझ्यासमोर."

सरोजिनीबाईंनी पदरानं त्यांचं कपाळ टिपलं.

श्रीनिवासरावांनी ओला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि सवयीनं भिंतीकडे पाहिलं. छपरामुळे फळा शाबूत होता. 'आज पाऊस अजिबात नाही.' ते वाचत राहिले. एकदा वाचून झाल्यावर पुन्हा वाचला. मग त्यांची नजर मैदानात गेली, पडलेल्या फांदीवर, वाकलेल्या पाइपांवर, आणि हॉलच्या दारात मेणबत्तीच्या उजेडात गर्दी करून उभ्या असलेल्या मुलींवर.

"मी निघालो तेव्हा वेगळं लिहिलं होतंस."

"हो."

"मग पुसलंस का?"

"मुलींना आत आणायचं होतं."

श्रीनिवासराव बायकोकडे बघत राहिले. समजायला त्यांना फार वेळ लागला नाही. समजल्यावर मात्र त्यांचा चेहरा असा झाला, की सरोजिनीबाईंनाच बघवेना. त्यांनी तोंड उघडलं. काहीतरी तिरकस येईल, असं वाटलं. त्यांनी नुसता चष्मा काढून ओल्या सदऱ्याला पुसला.

"छत्री घरी आहे," सरोजिनीबाई म्हणाल्या. "मी पाहिली."

जिना चढताना त्यांनी बायकोचा हात धरला. आधारासाठी धरला, की आणखी कशासाठी, हे सरोजिनीबाईंनी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी महापालिकेची माणसं फांदी कापायला आली होती. करवतीच्या आवाजात सरोजिनीबाई गच्चीवर गेल्या. पश्चिम पाहिली. मग टाकीच्या कडेनं कोपऱ्यात जाऊन पूर्व पाहिली, नेहमीपेक्षा खूप जास्त वेळ. यवतला फोन लावला. "पत्रं सापडलं गं, ओढ्यात," चंद्रभागा म्हणाली. "आज काय नाय. ऊन हाय."

त्यांनी खाली येऊन लिहिलं, 'आज पाऊस नाही.' एवढंच. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी वाचलं, एकमेकींना कोपरखळी मारली, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून वाळत घातलेली चादर लगेच आत गेली. सरोजिनीबाईंनी ती जाताना पाहिली.

दुपारी श्रीनिवासराव वाचनालयात निघाले. कालच्या धसक्यानं छत्री हातात घेऊन. वरच्या खिडकीतून सरोजिनीबाईंना ते फाटकाशी थांबलेले दिसले, हात मागे बांधून, छत्रीची दांडी पाठीमागे आडवी. त्यांनी फळा पूर्ण वाचला. नंतर वळले आणि जिना चढू लागले. एकेका मजल्यावर थांबत, धापा टाकत वर आले. सरोजिनीबाईंनी दार उघडलं. त्यांच्याकडे न बघता त्यांनी छत्री खुंटीला अडकवली, तिचं बटण लागलंय की नाही ते चाचपून पाहिलं आणि रिकाम्या हातांनी पुन्हा खाली उतरले.

ते परत येईपर्यंत सरोजिनीबाई गच्चीच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून, पूर्वेकडे तोंड करून बसून राहिल्या. चहाचा कपसुद्धा त्यांनी वरच नेला.